महावृक्षांखाली मुक्काम
(करोल बाग, नवी दिल्ली येथील मराठी मंडळींच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



परीक्षा संपल्या, सुट्ट्या लागल्या, आणि घरोघरी बेत सुरू झाले आहेत. खानापूर-आटपाडीकडून सोने-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी इथे आलेली कुटुंबे गावाकडे निघतील, कुणी पहाडात जातील. पण अलीकडे मुले आणखी एक हट्ट धरतात: जंगलात राहायचे, तंबूत झोपायचे. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मावसभावाने प्रचंड झाडांखालच्या तंबूचे फोटो पाठवलेले असतात, ते मुलांनी पाहिलेले असतात. हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो. तो पुरवावा, असे सांगायलाच मी आलो आहे. मात्र मोठ्या झाडापाशी मुक्काम कुठे करायचा, किती करायचा, हे ठरवताना त्याच्या शेंड्याकडे पाहून भागत नाही. त्याच्या बुडाशी असलेली माती पाहावी लागते. आजचे सगळे बोलणे या मातीबद्दल आहे.

सुरुवात त्या फोटोतल्या झाडांपासून करू. अमेरिकेतले सेक्वोया राष्ट्रीय उद्यान २५ सप्टेंबर १८९० रोजी स्थापन झाले. तिथला ‘जनरल शर्मन’ हा वृक्ष खोडाच्या घनफळाने जगात सर्वांत मोठा मानला जातो. उंची सुमारे ८४ मीटर. आपला कुतुबमिनार ७३ मीटरांच्या आसपास आहे, म्हणजे मिनाराच्याही वर हे झाड आणखी दहा मीटर जाते. जमिनीलगतचा घेर ३१ मीटर. वय अंदाजे २२०० वर्षे. नाणेघाटात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख कोरला जात होता, तेव्हा हे झाड आपल्या जागी उभे होते.

आता याची मुळे पाहा. एवढा भार पेलायला ती खोल पाताळात गेली असतील, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात मोठ्या सेक्वोयाला सोटमूळ राहत नाही. मुळे साधारण चार मीटरांच्या आतच थांबतात आणि मग आडवी पसरत जातात, खोडापासून ३० मीटर आणि त्याहूनही दूर. पाणी शोषणारी बारीक तंतुमुळे तर अगदी वरच्या थरात असतात. आपण तंबूची मेख ठोकतो, त्याच थरात.

चांगल्या जंगलातली माती भुसभुशीत असते. कणांच्या मधल्या पोकळ्यांत हवा खेळते, पाऊस मुरतो. त्यावरून माणसे चालू लागली, मोटारी वळू लागल्या की पोकळ्या दबतात. मग पाणी वरच्यावर वाहून जाते, मुळांचा श्वास कोंडतो आणि बी पडले तरी त्याचे मूळ आत शिरत नाही. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. वर झाड हिरवेगारच असते, म्हणून आपण निर्धास्त असतो.

सेक्वोया उद्यानात ‘जायंट फॉरेस्ट’ नावाचा विभाग आहे. शर्मन वृक्ष तिथलाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी आल्या आणि लोकांनी थेट या झाडांच्या बुंध्याशी मुक्काम ठोकायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत तिथे तंबूतळ, लाकडी खोल्या, उपाहारगृह, बाजार, पेट्रोल पंप, सारे उभे राहिले. एका अर्थी ते छोटे गावच झाले. एमिलिओ माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने १९२६ मध्ये या जागेची पाहणी केली आणि इशारा दिला की ज्या झाडांसाठी लोक येतात, त्यांच्याच मुळांवर लोकांची वस्ती झाली आहे.

माइनेके यांनी लोकांना येऊच नका असे म्हटले नाही, हे मला विशेष वाटते. त्यांनी मुक्कामाची रीत बदलायला सांगितली. १९३२ मध्ये त्यांनी तंबूतळांसाठी धोरण लिहिले. एकेरी वळणरस्ता असावा, प्रत्येक कुटुंबाला मोटार उभी करायला एक छोटा फाटा असावा, मोटार त्यापुढे जाऊ नये म्हणून दगड किंवा ओंडके आडवे असावेत, टेबल आणि चूल यांची जागा पक्की असावी. म्हणजे पायांची वर्दळ ठरलेल्या जागीच राहते आणि बाकीची माती मोकळी राहते. आज अमेरिकेतल्या तंबूतळावर उतरणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबाला क्रमांकाची जागा मिळते, शेजारी लोखंडी चूल असते, मोटारीला आखलेला कोपरा असतो. या सगळ्या शिस्तीच्या मुळाशी झाडाच्या मुळांची काळजी आहे.

तरीही जायंट फॉरेस्टमधले गाव हलवणे सोपे नव्हते. १९२० पासून उद्यानाचे अधीक्षक असलेले कर्नल जॉन व्हाइट यांनी वस्ती हटवण्यासाठी वर्षानुवर्षे धडपड केली. विरोध झाला तो धंदेवाल्यांचा आणि पाहुण्यांचाही. वडिलांबरोबर याच झाडाखाली राहिलो होतो, आता मुलांना घेऊन आलो, आम्हाला कसे उठवता? ही भावना खोटी म्हणता येणार नाही. शेवटी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तंबूतळ तिथून उठले आणि १९९७ ते २००० या काळात २८२ इमारती पाडण्यात आल्या. डांबर उखडले, सांडपाण्याची व्यवस्था काढली, दबलेली माती पुन्हा सैल केली. जुने वृक्ष या सगळ्या काळात टिकून राहिले होते. खरी उणीव होती नव्या रोपांची. माती मोकळी झाल्यावर ती रोपे पुन्हा दिसू लागली. आज लोक काही किलोमीटर दूर लॉजपोल इथल्या तंबूतळावर राहतात आणि दिवसा चालत महावृक्षांच्या भेटीला येतात. जगातल्या सर्वांत मोठ्या झाडांवर प्रेम करणाऱ्या लोकांनी त्यांच्यापासून उठून लांब जायचे ठरवले, हा निसर्गरक्षणाच्या इतिहासातला मोठा निर्णय आहे असे मी मानतो.

या झाडांच्या बाबतीत विस्तवाचाही विचार करावा लागतो. सेक्वोयाची बोंडे कित्येक वर्षे फांदीवर बंद राहतात. जमिनीलगतची साधी आग आली की उष्णतेने ती वाळून उघडतात आणि बी राखेच्या मऊ मातीत पडते. साल दोन फुटांपर्यंत जाड, त्यामुळे झाड वाचते. पण माणसाने शंभर वर्षे प्रत्येक आग विझवली आणि खाली काडीकचऱ्याचा ढीग साचला. १९६८ पासून तिथे मुद्दाम, देखरेखीखाली छोटे वणवे लावायला सुरुवात झाली, पण ते काम पुरे पडले नाही. २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत जगातल्या मोठ्या सेक्वोयांपैकी १३ ते १९ टक्के वृक्ष गेले असा अंदाज आहे. शर्मनच्या बुंध्याला तेव्हा अग्निरोधक चकचकीत पत्रा गुंडाळावा लागला. दोन हजार वर्षे उभे राहिलेले झाड आपल्या एका शतकाच्या चुकीमुळे असे संकटात सापडले.

आता आपल्या जवळच्या जंगलाकडे वळू. दिल्लीहून रात्री निघाले की पहाटे रामनगर. तिथून धनगढी फाटकातून आत शिरले की कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानातले सालवृक्ष दोन्ही बाजूंनी उभे राहतात. ८ ऑगस्ट १९३६ रोजी हेली नॅशनल पार्क या नावाने सुरू झालेले हे भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात इथूनच, ढिकाला इथून झाली. रामनगरपासून सुमारे ५० किलोमीटर आत, रामगंगेच्या काठावरच्या ढिकाल्यात आजही सामान्य माणसाला रात्री मुक्काम करता येतो. वनविश्रामगृह आहे, सामुदायिक झोपायची सोय आहे, उपाहारगृह आहे. भोवती विजेचे कुंपण आहे आणि त्याच्या बाहेर पायी पाऊल टाकायची मनाई. मद्य आणि सामिष दोन्ही बंद. काही पाहुण्यांना हे जाचक वाटते. मला यात माइनेके यांचीच रीत दिसते: माणसाची वर्दळ एका ठरलेल्या चौकटीत, बाकीचे जंगल मोकळे.

सालाचे झाड ३० मीटरांहून उंच वाढते. मार्च-एप्रिलमध्ये जुनी पाने गळतात आणि तांबूस कोवळी पालवी फुटते, त्यामुळे ते कधी पूर्ण बोडके दिसत नाही. त्याचे बी हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. त्याला पाच पंख असतात, तीन लांब आणि दोन आखूड. वाऱ्यावर सुटले की भिंगरीसारखे गरगरत उतरते. या बीजाचे आयुष्य फार थोडे, जेमतेम आठवडाभराचे. जूनमध्ये ते पडते, आणि पहिल्या पावसाने भिजलेली मऊ माती तेवढ्यात मिळाली तरच रुजते. ढिकाला दरवर्षी १५ जूनला बंद होतो तो १५ नोव्हेंबरपर्यंत. पावसात ओढे भरतात, रस्ते तुटतात, हे त्याचे कारण. पण सालाचे बी ज्या दिवसांत जमीन शोधत असते, त्याच दिवसांत पाहुण्यांच्या गाड्या आणि पावले थांबलेली असतात. जंगलाला मिळणारी ही सुट्टी आपल्या सुट्टीइतकीच गरजेची आहे.

याच कॉर्बेटमध्ये उलट उदाहरणही घडले. पाखरो इथे व्याघ्र सफारीसाठी १६३ झाडे तोडायची परवानगी होती. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजानुसार तोडली गेली सहा हजारांहून अधिक. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी कठोर शब्दांत निकाल दिला. लोकांना जंगल दाखवण्यासाठीच जंगल तोडले गेले, याचे दुःख आपल्याला झाले पाहिजे. आणि मागणी आपण पर्यटकच करतो, म्हणून जबाबदारीही थोडी आपली आहे.

महाराष्ट्रातही एक जागा आहे, जी सुट्टीत गावाकडे जाणाऱ्यांनी मुलांना दाखवावी. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळ ‘वनवैभव’ नावाचे सहा हेक्टरांचे जुने जंगल आहे. तिथले सागवान १९५३ पासून कुऱ्हाडीविना राखले आहे आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. सागाचा उपयोग काय, हे आपल्याला दारे-खिडक्यांवरून माहीत असते. माणसाने हात लावला नाही तर साग केवढा होतो, हे तिथे कळते. अशा ठिकाणी दिवसा जावे, पायवाटेवरून चालावे आणि मुक्कामाला गावात परतावे.

मग प्रत्यक्ष मुक्कामाला निघताना काय पाळायचे? तंबू आखलेल्या जागीच लावायचा. बाजूची गवताळ, अस्पर्श जागा कितीही देखणी वाटली तरी तिथे जायचे नाही. पायवाट चिखलाने भरली म्हणून कडेने दुसरी पाडायची नाही, चिखलातूनच जायचे. चूल परवानगी असेल तिथेच पेटवायची आणि निघताना राखेत पाणी ओतून हाताला गार लागेपर्यंत ढवळायची. खाण्याचे पदार्थ तंबूत ठेवायचे नाहीत. सेक्वोयात अस्वलांमुळे खाऊबरोबर टूथपेस्टसुद्धा लोखंडी पेटीत बंद करावी लागते, आपल्याकडे माकडे आणि रानडुकरे आहेत. आणि मुलांना एक गोष्ट करायला सांगा. मुक्कामाच्या जागेवरची माती बोटाने दाबून पाहा, मग वाटेच्या कडेला, पालापाचोळ्याखालची माती दाबून पाहा. एकीकडे बोट अडते, दुसरीकडे अलगद आत जाते. मघापासून मी जे सांगतो आहे, ते मुलांना या एका दाबात कळेल.

मित्रहो, हे कळायला रामनगरपर्यंतही जावे लागत नाही. आपल्या करोल बागेला लागून दिल्लीचा मध्य रिज आहे, सुमारे ८६४ हेक्टरांचा. १९१४ पासून तो राखीव जंगल आहे. तिथे तंबू ठोकता येत नाही आणि ते योग्यच आहे. पण वंदे मातरम् मार्गावरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी त्यातला पळस फुललेला पाहिला आहे? विलायती किकराच्या गर्दीत तग धरून राहिलेली धौ, रोंझ, खैर ही इथली मूळ झाडे मुलांना ओळखता आली पाहिजेत.

आणि आपल्या गल्ल्यांतली झाडे? कडुनिंब आणि पिलखन यांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आणि फरशी आली आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आदेश दिला की दिल्लीतल्या झाडांच्या खोडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढून टाकावे. जायंट फॉरेस्टमध्ये २८२ इमारती पाडून जे केले, त्याचेच हे छोटे रूप. आपल्या गल्लीतली अशी कोंडलेली झाडे या उन्हाळ्यात मोजा. त्यांची यादी करून महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्या. काम सुरू झाले की समोर उभे राहा, कारण यंत्राने फोडताना मुळे तुटतात, छिन्नी-हातोड्याने सावकाश फोडावे लागते. मोकळ्या झालेल्या मातीवर गळालेली पाने पसरा, ती जाळू देऊ नका. हे सारे पाऊस येण्याआधी व्हावे, म्हणजे पहिले पाणी थेट मुळांना मिळेल.

जंगलात जरूर जा, मुलांना घेऊन जा, रात्री तिथे राहा. पण निघण्याआधी आपल्या दाराशी असलेल्या एका तरी झाडाची एक मीटर माती मोकळी करा. दाराशी हे काम केलेली मुले कुठल्याही महावृक्षाखाली गेली तरी पाऊल कुठे ठेवायचे, हे त्यांना सांगावे लागणार नाही.