गाडीचे पाटे : आधी काटा, मग दुकान

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज भाव आणि कर्ज हे विषय थोडे बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे ते दारात उभ्या असलेल्या फोर-व्हील जीपच्या पाट्यांबद्दल आणि शॉकबद्दल. कोणी म्हणेल, हे मिस्त्रीचं काम, बैठकीत कशाला? ज्या खर्चाचा निर्णय आपल्या वतीने दुसरा घेतो आणि पैसा आपला जातो, तो विषय बैठकीचाच असतो.

विलिस जीपची जुळणी महिंद्रांनी १९४७ नंतर मुंबईत सुरू केली. पुढे बोलेरो आणि स्कॉर्पिओ आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार झाल्या. म्हणजे गाडी बनते आपल्या जिल्ह्यात आणि राबते आपल्या शिवारात. पण पाटे बदलायची वेळ आली की आपण दुकानदाराला विचारतो, "चांगलं काय आहे?" तो म्हणतो, "एक पाटा जास्त टाका, गाडी दणकट होईल." आपण मान डोलावतो. बियाण्याच्या दुकानातही नेमकं हेच होतं!

गाडी दणकट होत नाही, ताठ होते. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी कोणाचं काम काय ते समजून घेऊ. ओझं पेलतो तो पाटा. शॉक ओझं पेलत नाही. पाटा दबला की उसळी मारतो, ती उसळी मारण्याचं काम शॉकचं. आतलं तेल बारीक छिद्रांतून दाबलं जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. म्हणून गाडी मागे बसली असेल तर नुसता महागडा शॉक टाकून ती उठत नाही. आणि गाडी झुलत असेल तर पाटा वाढवून ती शांत होत नाही, उलट नव्या पाट्याची जोरदार उसळी जुन्या शॉकला आवरत नाही.

आता थोडं गणित. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. लांबी-रुंदी तीच ठेवून ७ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटर जाडीचा पाटा घेतला, तर तो सातवा हिस्सा जास्त ताठ होत नाही, जवळजवळ दीडपट ताठ होतो. दुकानात दोन्ही हातात घेतले तर फरक डोळ्याला दिसायचा नाही. रस्त्यावर मात्र कंबरेला कळतो.

आणि कंबरेपुरतंच असतं तर सोसलं असतं. येवला, नांदगाव, मालेगावकडची काळी जमीन पहिल्या पावसानंतर कशी चिकटते, हे तुम्हाला सांगायला नको. अशा गाडरस्त्यात चारही चाकांना ताकद कशासाठी दिली आहे? चाक जमिनीला धरून राहावं म्हणून. पाटा ताठ असला की खाचेवर चाक खाली उतरत नाही, अधांतरी राहतं. बहुतेक गाड्यांच्या रचनेत ताकद त्या मोकळ्या चाकाकडेच पळते. ते गरगर फिरतं आणि जमिनीवरचं चाक मुकाट उभं राहतं. म्हणजे फोर-व्हीलसाठी जास्तीचे पैसे मोजले आणि जास्तीचा पाटा टाकून ती सोय घालवली.

दुसरी गोष्ट जिवाची. बुधवारी ज्वारीची पोती वाहणारी हीच जीप चैत्रात बायकापोरं घेऊन सप्तशृंगी गडाचा घाट चढते. भरल्या ओझ्यासाठी ताठ केलेली गाडी हलकी असताना वळणावरच्या खड्ड्यात उडते. उडालेल्या चाकाला ब्रेकही नाही आणि स्टेअरिंगही नाही. काही गाड्यांत मागचा ब्रेक किती लागावा, हे गाडी मागे किती दबली यावरून एक झडप ठरवते. पाटे ताठ केले की गाडी दबत नाही, झडपेला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी लागतो.

मग निवड कशी करायची? अंदाज सोडा, काटा धरा. कापसाची गाडी दिसते मोठी आणि भरते हलकी, ज्वारीची दिसते लहान आणि भरते जड. २०० लिटरची पाच पिपं म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन १,००० किलो. दुष्काळात आपण ती सहज चढवतो. तेव्हा जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या भुईकाट्यावर गाडी न्या. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून घ्या. एकदा रिकामी, एकदा नेहमीच्या ओझ्यासह. प्रत्येक वेळी सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी माप घ्या. हे आकडे वहीत लिहून दुकानात जा. आता प्रश्न तुम्ही विचारायचा: "मागच्या एक्सलवर एवढे किलो येतात, त्याला कंपनीचा कोणता संच?"

वर्षातून चारच खेपा ओझ्याच्या असतील, तर मूळ कंपनीचा मापाचा संच घ्या आणि खेपा वाढवा. ओझं रोजचं पण कमी-जास्त असेल, तर त्या गाडीसाठी मदतनीस पाट्याचा संच मिळतो का, ते विचारा. हा खालचा पाटा गाडी भरल्यावरच कामाला लागतो, रिकामी असताना गप्प बसतो.

जुने पाटे ठोकून कमान देण्याचा मोह टाळा. विळ्याचं पाणी उतरलं की काय होतं, ते आपल्या घराघरात माहीत आहे. भट्टीत तापवून नीट पाणी न दिलेला पाटा पुन्हा बसतो, नाहीतर तुटतो.

उंच पाट्यांचं वेड तर त्याहून वाईट. गाडी उचलली की प्रोपेलर शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरतात, ब्रेकची रबरी नळी ताणते, शॉक तोकडा पडतो आणि कापसाने उंच भरलेली गाडी कलंडायला सोपी होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि पाटा वाढवला म्हणून गाडीची भारमर्यादा वाढत नाही. चासी, बेअरिंग, ब्रेक, टायर तेच राहतात. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. एवढ्यात नवा संच येऊ शकतो.

शॉक मेला की नाही, हे कोपरा दाबून पाट्यांच्या गाडीत नीट कळत नाही, कारण पाट्यांचं आपसातलं घर्षणच झोका थांबवतं. खराब रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर चालवा, उतरून चारही शॉकना जपून हात लावा. जो राबला तो कोमट असेल. एकटाच थंड राहिला तो बसून खाणारा. तेल गळत असेल तर प्रश्नच नाही. बदलताना एका एक्सलचे दोन्ही बदला. शॉकची लांबी दोनदा पाहा: चाक लोंबतं असताना तो ताणून तुटू नये आणि गाडी रबरी ठोकळ्यावर टेकेपर्यंत दबली तरी आतून आदळू नये.

बसवताना मिस्त्रीजवळ उभे राहा. यू-बोल्ट नवेच घ्या. बूशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळा. लोंबत्या पाट्यावर आवळले तर रबर पिळवटून लवकर फाटतं. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

भावांनो, क्विंटलमागे दोन किलोची तूट काढली तर आपण बाजारात काट्यावर भांडतो. तोच काटा एक दिवस स्वतःच्या गाडीसाठी वापरा. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गाडीचे आकडे वहीत लिहून आणा. एकाच मॉडेलच्या पाच-सात गाड्यांची वजनं समोर आली, की संच सगळे मिळून मागता येतील आणि दुकानदाराशी भावही सगळे मिळून ठरवता येईल.