चाक बदलतांना



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना नवल वाटलें असेल. ज्याचें सारें आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेलें, यंत्रविद्येची पदवी ज्याच्याजवळ नाहीं, अशा मॅट्रिक झालेल्या शाळामास्तरानें मोटरसायकलच्या चाकांविषयीं बोलावें, हें थोडें अनधिकारपणाचें दिसतें. परंतु बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत वावरणाऱ्या माणसाला चाकाचा विचार टाळतां येत नाहीं. नीरेच्या कालव्यानें येथें ऊंस आणला, उंसानें गाड्या आणल्या, आणि आज तर बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत पियाजिओच्या कारखान्यांत वेस्पा स्कूटरी व एप्रिलियाच्या मोटरसायकली तयार होतात. शिवाय दूरच्या प्रवासासाठीं आपली मोटरसायकल हौसेनें नवी घडवून घेणाऱ्या तरुणांची संख्या गांवोगांव वाढत आहे. पेट्या, दिवे, उंच कांच हें सर्व झालें कीं त्यांची दृष्टि चाकाकडे वळते, आणि त्यांचे पालक मजसारख्याला विचारूं लागतात, ‘‘गुरुजी, मुलगा तारांचीं चाकें काढून अलॉयचीं बसवूं म्हणतो, बसवूं द्यावीं काय?’’

या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं, म्हणूनच हें भाषण.

आपल्या जुन्या बैलगाडीचें चाक प्रथम डोळ्यांपुढें आणा. मध्यें तुंबा, त्यांत ठोकून बसविलेले आरे, भोंवतीं लांकडी कडें, आणि त्यावर तापवून चढविलेली लोखंडी धांव. धांव थंड होतांना आकसते आणि सारें चाक आवळून धरते. या चाकांत गाडीचें ओझें तुंब्याखालच्या आऱ्यावर उभें राहतें. तो आरा दाबला जातो. तारांच्या चाकाची रीत याच्या अगदीं उलट आहे. तार दाबाला उभी राहूं शकत नाहीं, ती वांकेल. म्हणून प्रत्येक तार आधींच ताणून बसवावी लागते. या ताणाच्या जोरावरच तें हलकें चाक माणसाचें आणि यंत्राचें ओझें पेलतें. इंग्लंडांत जेम्स स्टार्ली यानें १८७४ सालीं तारा सरळ न लावतां एकमेकींना छेद देत तिरप्या लावण्याची युक्ति काढली, आणि आपल्या सायकलींपासून बुलेटपर्यंतच्या चाकांत ती अजून टिकून आहे.

ताण सर्व तारांत सारखा असावा लागतो. तो ओळखण्याची खूण आमच्या बाजूचे सायकल दुरुस्त करणारे कारागीर फार सुरेख जाणतात. पान्याच्या टोकानें एकेक तार वाजवून ते नुसते ऐकतात. नीट ताणलेली तार वीणेसारखी झणकारते. सैल झालेली ठस्स वाजते. चाकाचा आउट काढणें ही कला ज्याला कानानें साधली, त्याला मी अर्धा गवईच समजतों.

रबरी धांवेचा इतिहास तुलनेनें अलीकडचा. हवेनें भरलेल्या टायरचें पेटंट रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालींच घेतलें होतें, पण तें मागें पडलें. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरानें मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच कल्पना नव्यानें सिद्ध केली. पुढें ही हवा आमच्या बैलगाडीपर्यंत पोंचली. उंसाच्या फडांतून कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांचीं लांकडी चाकें गेलीं आणि मोटारीच्या टायरांच्या ‘टायरगाड्या’ आल्या. सुधारणा खरीच, चाक हलकें फिरूं लागलें, रस्त्यांवर धांवेच्या चऱ्या पडेनाशा झाल्या. पण हलकें फिरतें म्हणून गाडीवर ऊंस अधिक चढूं लागला. बैल मात्र तेच राहिले, आणि गाडीला ब्रेक बहुधा नाहींच. उतारावर तो सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. भवानीनगरच्या किंवा माळेगांवच्या कारखान्याच्या रस्त्यावर हें दृश्य ज्यानें पाहिलें आहे, त्याला मोटरसायकलच्या चाकाचा प्रश्न समजण्यास फार वेळ लागणार नाहीं.

आतां अलॉय चाकाकडे वळूं. हें ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें ओतीव, एकसंध चाक. त्यांत तारा नाहींत, म्हणून तारांसाठीं भोंकेंहि नाहींत. त्यामुळें आंत निराळी ट्यूब न घालतां टायरची कडच रिमवर घट्ट बसवून हवा कोंडतां येते. याचा लाभ मोठा आहे. ट्यूबच्या चाकांत खिळा शिरला, ट्यूब फाटली, कीं हवा तारांच्या भोंकांतून भसकन् निघून जाते. ट्यूबलेस टायरांत खिळा बहुधा आहे तेथेंच रुतून बसतो आणि हवा हळूहळू उतरते. चाक न काढतां रस्त्याच्या कडेलाच रबराची वात खुपसून छिद्र बुजवितां येतें.

माझा एक जुना विद्यार्थी रात्रीं निमगांव केतकी सोडून इंदापूरकडे येत होता. हंगामाचे दिवस, समोरून दोन ट्रॉल्या ओढीत उंसाचा ट्रॅक्टर येत होता. तेवढ्यांत मागच्या चाकाची ट्यूब फाटली आणि गाडी शेपूट हलविल्यासारखी डोलूं लागली. त्यानें घाबरून ब्रेक दाबला नाहीं, हँडल सरळ धरून वेग आपोआप उतरूं दिला, म्हणून तो कडेला पोंचला. दुसऱ्याच महिन्यांत त्यानें अलॉय चाकें बसविलीं. मी त्याला दोष देत नाहीं. त्याच्या आईची झोंप त्या खर्चाहून मोलाची होती.

परंतु हाच तरुण जर उद्यां स्पितीच्या किंवा लडाखच्या दगडी वाटेवर जाणार असेल, तर माझा सल्ला बदलेल. तारांचें चाक खड्ड्यांत आदळलें तर थोडें लवतें, वांकलें तर कोणताहि कुशल कारागीर तारा आवळून तें पुन्हां वाटेस लावतो. ओतीव चाक फार लवत नाहीं. मोठ्या आघातानें त्याची कड वांकते किंवा तडकते, आणि कड वांकली कीं ट्यूबलेस टायरची हवा धरत नाहीं. तडकलेलें चाक ठोकून किंवा सांधून वापरणें हा तर जिवाशीं खेळ आहे. मोटरसायकल बनविणारेहि हें जाणतात. २०१६ सालीं आलेल्या रॉयल एन्फील्डच्या हिमालयनला पुढें २१ इंची आणि मागें १७ इंची चाकें दिलीं तीं तारांचींच. तिसरा मार्गहि आहे. तारा रिमच्या मधोमध न लावतां कडेला लावल्या, तर हवेच्या खोलींत भोंक पडत नाहीं आणि तारांचें चाक ट्यूबलेस होतें. जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें १९८७ सालीं आपल्या प्रवासी मोटरसायकलींना अशीं चाकें दिलीं. आपल्याकडेहि तशीं चाकें आतां मिळूं लागलीं आहेत. किंमत मात्र सोसली पाहिजे.

चाकाचा व्यास बदलण्याचा मोह हा निराळाच रोग. मास्तर आहें, तेव्हां थोडें गणित करूं द्या. १००/९०-१९ असें टायरवर लिहिलेलें असतें. म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, आणि रिमचा व्यास १९ इंच. अशा चाकाचा परीघ सुमारें २.०८ मीटर भरतो. हाच टायर १७ इंची रिमवर घेतला, तर परीघ सुमारें १.९२ मीटर होतो. वेगाचा कांटा याच चाकावरून माप घेत असेल, तर खरा वेग ताशीं ६० असतां तो ६५ दाखवील, आणि ५० किलोमीटर अंतर, म्हणजे जवळजवळ बारामतीहून इंदापूर, त्याच्या हिशेबानें ५४ होईल. एवढ्यावर भागलें असतें तर हंसून सोडून दिलें असतें. पण चाकाचा आंस एक इंच खालीं येतो. पुढचें चाक असेल तर गाडीचा पुढचा तोल बदलतो आणि वळणावरची संवय चुकते. त्याशिवाय चाकाशीं एक चकती असते, तिच्यावरून फिरण्याचा वेग मोजून ए. बी. एस. ही ब्रेकची यंत्रणा चाक अडकत आहे काय तें ओळखते. १२५ सी. सी.हून मोठ्या सर्व नव्या मोटरसायकलींना ती एप्रिल २०१९ पासून सक्तीची आहे. बाजारी चाकावर ती चकती नीट न बसली, किंवा पुढच्या-मागच्या चाकांचें प्रमाण बिघडलें, कीं ऐन वेळीं यंत्रणेचा अंदाज चुकतो.

कायद्याचेंहि दोन शब्द. मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें आहे कीं, नोंदणीच्या कागदांत लिहिलेला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार वाहनांत करूं नये. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा अर्थ कडक लावला आहे. म्हणून कंपनी स्वतः त्याच गाडीसाठीं जें चाक विकते तें, त्याच मापाचें, घ्यावें हें उत्तम. दुसरें घेणेंच असेल तर भारतीय मानक ब्युरोची खूण पाहावी, आणि विमा कंपनीस आधीं लेखी कळवावें. अपघातानंतर कळविण्यांत कांहीं अर्थ नसतो.

तेव्हां ज्यांचा मुलगा पुणें, सोलापूर, पंढरपूर अशा डांबरी वाटांनींच हिंडणार आहे, त्यांनीं त्याला अलॉय चाकें खुशाल घेऊं द्यावीं. पण त्याच दिवशीं ब्रेकच्या पट्ट्या, चाकाचे बेअरिंग आणि पुढचे शॉक हीं तपासून घेण्याची अट घालावी. चाक नवें झालें तरी गाडी थांबविणार आहेत तीं हींच. जुना टायर नव्या रिमवर चढवूं देऊं नये. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. दुकानदार ‘नवाच आहे’ म्हणाला तरी हे आंकडे आपण वाचावे.

नवा टायर पहिले शंभर-दीडशें किलोमीटर थोडा निसरडा असतो, आणि नव्या तारा याच काळांत सैल पडतात. बारामतीहून सकाळीं निघून सणसर, निमगांव केतकीवरून सावकाश इंदापूरास जावें व परत यावें, कीं तेवढें अंतर सहज पुरें होतें. वळणावर गाडी फार कलवूं नये, एकदम जोरानें ब्रेक मारूं नये. परतल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवावी, सकाळीं टायर गार असतांना हवा मोजावी, आंसाची नट पाना लावून पाहावी, आणि चाकें तारांचीं असतील तर एकेक तार वाजवून ऐकावी.