जुन्या यंत्रावर जुना खेळ

(नभोवाणीवरील भाषण)



पन्नास वर्षांपूर्वींचें पुस्तक वाचावयाचें झाल्यास कपाटाचें दार उघडून दिवा लावला कीं काम झालें. पानें पिवळीं पडलेलीं असतील, एखाद्या कोपऱ्यास कसर लागली असेल. पण डोळे तेच आणि अक्षरेंही तींच. ग्रामोफोनच्या तबकडीचें याहून थोडें अवघड आहे. मिनिटास ७८ फेरे घेणारी तबकडी ३३ फेऱ्यांच्या यंत्रावर लावली, तर गवयाचा आवाज विहिरींतून आल्यासारखा येतो. संगणकावरील जुन्या खेळाची अवस्था या तबकडीहूनही बिकट. त्यास योग्य फेरे तर हवेतच. शिवाय त्याच जातीचें यंत्र, त्याच जातीचा कर्णा आणि यंत्राची व्यवस्था पाहणारा तोच जुना कारभारी हवा असतो. या कारभाऱ्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. यांपैकीं एकजण जरी बदलला, तरी खेळ एक तर सुरूच होत नाहीं, किंवा सुरू होऊन भलतेंच कांहीं करूं लागतो. असा एक खेळ आमच्या घरीं गेल्या उन्हाळ्यांत पुन्हा चालता झाला. त्यासाठीं काय काय करावें लागलें, तें आज सांगावयाचें आहे.

खेळाचें नांव 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानें तो ॲपल २ या यंत्रासाठीं लिहिला व तो १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षीं डॉस या पद्धतीवर चालणारी आवृत्ति निघाली आणि तीच आपल्याकडील शाळांच्या व क्लासांच्या संगणकखोल्यांतून पसरली. तळघरांत कोंडलेला एक तरुण, मनोऱ्यांत अडकलेली राजकन्या, दुष्ट वजीर आणि सुटकेसाठीं मोजून ६० मिनिटें, एवढेंच कथानक. पण त्या तरुणाचें धांवणें, उडी मारणें, कड्याला लोंबकळणें पाहून माणूस थक्क होतो. मेकनरनें १९८५ सालीं आपल्या धाकट्या भावास धांवावयास लावून त्याचें चलच्चित्र घेतलें होतें आणि त्यावरून एकेक आकृति गिरविली होती. पडद्यावरील बोटभर बाहुलींत जें हाडामांसाचें चापल्य दिसतें, तें असें आलेलें आहे.

माझ्या मुलानें हा खेळ अकराव्या वर्षीं शाळेंतील यंत्रावर खेळला होता. पुढें शाळेनें तीं यंत्रें मोडींत काढलीं, तेव्हां त्यांतील एक मीं रीतसर पावती करून घरीं आणलें. त्यांत विंडोज ९८ आहे. मायक्रोसॉफ्टनें या सिस्टिमची देखभाल ११ जुलै २००६ या दिवशींच थांबविली. सुटींत आलेली नात त्या यंत्राभोंवतीं दोन दिवस घुटमळली आणि म्हणाली, "आजोबा, बाबा लहानपणीं खेळायचे तो खेळ मला दाखवा ना." आतां, माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें; संगणक मीं शिकलों तो चाळिशीनंतर, मुलांच्या मागें उभा राहून. तरीही नातीस नाहीं म्हणवेना.

शेजारच्यांनीं विचारलें, "मास्तर, नव्या संगणकावर कां लावीत नाहीं?" हा प्रश्न कोणासही सुचेल. विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्त्या डॉसच्या काळचे १६ बिटांचे कार्यक्रम मुळीं घेतच नाहींत. विंडोज ९८ मात्र पोटांत डॉस बाळगून असणाऱ्या घराण्यांतील आहे. त्याला बंद करतांना डॉसमध्यें पुन्हा सुरू हो, अशी आज्ञा देतां येते. खिडक्या, चित्रें सारें नाहींसें होतें आणि काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत राहते. जुन्या खेळाचें माहेर तें.

माहेरीं पोंचल्यावर खेळानें पहिला निरोप दिला, तो स्मृति अपुरी असल्याचा. नातीस आश्चर्य वाटलें. "आजोबा, यांत तर चौसष्ट मेगाबाइट आहेत असं तुम्हीच सांगितलंत. खेळ तर एका फ्लॉपीवर मावतो!" तिचें म्हणणें बरोबरच होतें. पण याचें मूळ १९८१ सालच्या आय. बी. एम. च्या यंत्रांत आहे. त्यांतील ८०८८ हा प्रोसेसर एकूण १०२४ किलोबाइटपर्यंतच मोजूं शके. त्यांतील वरचे ३८४ पडद्यासाठीं व यंत्राच्या अंतर्गत कामासाठीं राखून ठेवले. कार्यक्रमांच्या वांट्यास ६४० आले. पुढें यंत्रें शतपटीनें वाढलीं, पण डॉस व त्यावरचे बहुतेक कार्यक्रम या ६४० च्या हद्दींतच वावरत राहिले. वाडा शंभर खोल्यांचा असला, तरी पाहुण्यास ओसरीच तेवढी ठाऊक. आणि त्या ओसरीवर घरच्या मंडळींनीं आधींच बिछाने घातलेले. माऊस चालविणारा एक छोटा कार्यक्रम, सीडी वाचणारा दुसरा, आवाजाचा तिसरा, प्रत्येकानें ओसरीचा एकेक हात अडविलेला असतो.

उपाय असा कीं, या मंडळींस माडीवर झोंपावयास पाठवावें. यंत्र सुरू होतांना 'कॉन्फिग डॉट सिस' नांवाची एक यादी वाचली जाते. तींत हायमेम व ईएमएम ३८६ या दोन कार्यक्रमांस आरंभींच बोलावावयाचें, खुद्द डॉसनें वरच्या जागेंत जावें असें एका ओळींत लिहावयाचें, आणि मग माऊस वगैरेंच्या ओळींत 'वर चढवा' अशा अर्थाचा शब्द घालावयाचा. क्रम चुकला कीं सगळें फुकट, कारण जिना लावण्यापूर्वीं कोणी वर जाऊं शकत नाहीं. पूर्वीं हें सर्व सुटीच्या दिवशीं नववी-दहावीचीं मुलें करीत आणि ६०० किलोबाइट मोकळे झाले, ६१० झाले, अशी चढाओढ लावीत. पाठ्यपुस्तकांत यांतला एकही धडा नव्हता. वर्गांत पाढे म्हणतांना अडखळणारा एक विद्यार्थी या यादीच्या ओळी खालींवर करून दहा-दहा किलोबाइट मोकळे करीत असे, हें मीं पाहिलेलें आहे.

आवाजाचें काम त्या मानानें लौकर आटोपलें. जुना खेळ कारभाऱ्यास न विचारतां आवाजाच्या कार्डाशीं थेट बोलतो, म्हणून त्यास कार्डाचा पत्ता अचूक सांगावा लागतो. साउंड ब्लास्टरचा नेहमींचा पत्ता २२०, त्याची हांक मारण्याची वाट ५ किंवा ७, आणि सामान नेण्याची वाट १. हे तीन आंकडे जुळले कीं दारें कुरकुरूं लागतात, तलवारी खणखणतात.

गतीचा प्रश्न प्रिन्सच्या बाबतींत आला नाहीं, कारण त्याचा ताल यंत्रांतील घड्याळावर बसविलेला आहे. सगळ्यांनींच असा विवेक दाखविला नव्हता. १९९० सालच्या 'विंग कमांडर' या खेळांतील विमानें यंत्र धांवेल तशीं धांवतात. नव्या यंत्रावर शत्रू दिसतो न दिसतो तोंच आपण मेलेलों असतों. यासाठींच पूर्वींच्या संगणकांवर 'टर्बो' नांवाचें बटण असे. नांवावरून तें गति वाढवीत असेल असें वाटतें, पण त्याचा खरा उपयोग यंत्रास हळू करण्याचा. टर्बो पास्कल या भाषेंत लिहिलेल्या कित्येक कार्यक्रमांची तर्‍हा आणखी मौजेची आहे. ते सुरू होतांच यंत्राचा वेग मोजूं पाहतात. घड्याळाच्या एका ठोक्यांत किती फेरे होतात, तें मोजून त्यास ५५ नें भागतात. यंत्र फार चपळ असलें, तर भागाकार ६५,५३५ पर्यंतच्या मापांत मावत नाहीं, आणि कार्यक्रम 'शून्यानें भागिलें' अशी तक्रार करून प्राण सोडतो. अदपावाच्या मापांत पायली ओतावी, आणि मापानें धान्यच नाहीं म्हणून ओरडावें, तसा हा प्रकार!

असो. खेळ चालूं लागला. नात पहिला मजला पार करून गेली आणि एका विचित्र दालनांत अडकली. तेथें पुष्कळ बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीवर एकेक रोमन अक्षर. खालीं सूचना अशी कीं, पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळींतील अमुक शब्दाचें पहिलें अक्षर पाहा व त्या अक्षराची बाटली प्या. भलती बाटली तोंडास लावली तर घात. खेळाची नक्कल करून घेणाऱ्यांस अडविण्यासाठीं ही योजना होती, कारण नक्कल करणाऱ्यापाशीं छापील पुस्तिका नसावयाची. आपल्याकडे मूळ प्रती विकत घेणारे थोडे. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नकलाच फिरल्या. तें योग्य होतें असें मी म्हणत नाहीं. पण ज्यांनीं पैसे मोजून खेळ घेतला, त्यांच्यापाशीं तरी पुस्तिका कोठें उरली आहे?

पुण्यास मुलाला फोन केला. तो हंसला व म्हणाला, "अण्णा, माझा आठवीचा नकाशासंग्रह आहे का? त्याच्या मागच्या पानाला एक कागद चिकटवलेला असेल." नकाशासंग्रह माळ्यावर होता. कागदही होता. पान, ओळ, शब्द व अक्षर असे चार रकाने, शाईच्या पेनानें आंखलेले, आणि माझ्याच शाळेंतील दुपारच्या तासाला लिहिल्यासारखें घाईचें हस्ताक्षर. नातीनें तो कागद बराच वेळ पाहिला. खेळापेक्षांही जास्त वेळ पाहिला, असें मला वाटतें. "बाबांचं अक्षर माझ्यासारखं आहे," एवढेंच ती म्हणाली, आणि बाटली पिऊन पुढें गेली.

पुढें आरशाच्या मजल्यावर एक गोष्ट दिसते, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आरशांतून उडी मारतांच नायकाची छाया वेगळी होऊन पळून जाते आणि पुढें त्याला आडवी येते. ही कल्पना मेकनरला सुचली ती स्मृतीच्या टंचाईमुळें. ॲपल यंत्रांत नवीन प्रतिस्पर्ध्याचीं चित्रें ठेवण्यास जागा उरली नव्हती. तेव्हां नायकाचींच चित्रें एका बिटानें सरकवून स्वतःवरच उलटसुलट ठेवल्यावर एक झगमगती छायाकृति मिळाली. खेळांतील सर्वांत गूढ पात्र असें काटकसरींतून जन्मलें. आणि ज्या मूळ लिखाणांतून हा खेळ घडला, तें खुद्द मेकनरजवळही राहिलें नव्हतें. २०१२ सालीं त्याच्या वडिलांना कपाटांत जुन्या फ्लॉप्या सांपडल्या. जेसन स्कॉट व टोनी डियाझ या जाणकारांच्या मदतीनें त्या वाचल्या गेल्या, तेव्हां तें हातीं आलें, आणि त्यानें तें सर्वांस पाहावयास खुलें केलें.

सगळ्याच खेळांचें नशीब एवढें चांगलें नाहीं. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननें २०२३ सालीं केलेल्या पाहणींत, २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के बाजारांत रीतसर मिळत नाहींत असें आढळलें. ज्यांना जुनें यंत्र मिळत नाहीं त्यांच्यासाठीं २००२ सालापासून 'डॉसबॉक्स' आहे. तो नव्या संगणकाच्या आंत जुन्या संगणकाचें सोंग हुबेहूब वठवितो, गति व कार्डासकट. इंटरनेट आर्काइव्हनें २०१५ च्या आरंभीं डॉसचे सुमारें २,४०० खेळ याच रीतीनें लोकांपुढें ठेवले. सोय म्हणून हें उत्तम आहे. पण सोंग वठविणाऱ्यास मूळ पात्र कसें होतें तें ठाऊक असावें लागतें, आणि तें पाहावयास चालतीं यंत्रें कोणीतरी राखलींच पाहिजेत.

याचा अनुभव मला लगेच आला. खेळासाठीं डिस्कवर जागा करीत असतां शाळेच्या वार्षिक अंकाच्या पांच वर्षांच्या फायली सांपडल्या. नव्या संगणकावर त्या उघडल्या, तर मराठीऐवजीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा नुसता काला! १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकनें जिस्ट कार्डाच्या द्वारें डॉसवर देवनागरी आणली आणि १९९१ सालीं इस्की हें राष्ट्रीय प्रमाण ठरलें. त्या प्रमाणाचा तक्ता छापील असल्यानें तशा फायली आजच्या युनिकोडमध्यें बदलणें सोपें आहे. परंतु पुष्कळशा छपाईच्या फाँटांनीं रोमन अक्षरांच्या जागीं आपापल्या मर्जीप्रमाणें देवनागरीचे तुकडे बसविले होते, आणि आमचा अंक अशाच एका फाँटांतला. तो फाँट त्या जुन्या यंत्रावर मात्र अजून आहे. तेथें फाइल उघडावी, कोणत्या कळीस कोणता काना, कोणती वेलांटी, तें पाहावें, आणि चार रकान्यांच्या कागदावर उतरून घ्यावें, असा उद्योग आम्हीं दोघांनीं सुटीच्या अखेरीस आरंभिला. आंखणी नातीनें नकाशासंग्रहांतील कागद समोर ठेवूनच केली. ती गांवीं परतली आहे. दर रविवारीं फोनवर काम चालतें. रफाराचे दोन प्रकार आणि 'ष्ट्य' हें जोडाक्षर तेवढें अजून सांपडावयाचें आहे.