संकेतस्थळ : निवड आणि निगा

(आमच्या वक्तृत्व शाखेच्या वार्षिक बैठकीत केलेले भाषण)



आपल्या शाखेच्या संकेतस्थळाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली आहे. मी काही यंत्रविद्या शिकलेली नाही. पण दोन वर्षे हे काम माझ्याकडे आहे, आणि या अवधीत माझ्या हातून इतक्या नाना प्रकारच्या चुका झाल्या की, निदान त्यांच्या आधारे तरी मला थोडे बोलता येईल.

संकेतस्थळ हा शब्द नवा नाही. जुन्या काव्यात प्रियजनांच्या भेटीच्या ठरलेल्या जागेला संकेतस्थळ म्हणत. साहित्यशास्त्रात ज्या आठ नायिका सांगितल्या आहेत, त्यांतली विप्रलब्धा ही ठरल्या जागी जाते आणि तिथे कोणी आलेलेच नसते. भगिनींनो, गेल्या पावसाळ्यात आपण एका बाईंना अशीच विप्रलब्धा केले. आपल्या पानावर बुधवार, चार वाजता आणि जुने सभागृह असे लिहिलेले होते. आपण तर पाच महिन्यांपूर्वीच शनिवारवर आणि या जागेत आलो होतो. त्या बाई दोन गाड्या बदलून आल्या आणि कुलूप लावलेल्या दारापुढे तासभर उभ्या राहिल्या. पतीच्या निधनानंतर सदनिका त्यांच्या नावावर झाली होती, आणि आठ दिवसांनी त्यांना सोसायटीच्या सभेत पाण्याच्या पाळीबद्दल आयुष्यात पहिल्यांदा उभे राहून बोलायचे होते. त्यासाठी थोडा सराव हवा, एवढीच त्यांची इच्छा होती. नंतर त्यांनी आपल्याला लिहिले, “पत्ता तेवढा बदला, म्हणजे दुसरीला हेलपाटा पडणार नाही.” त्या पुन्हा आल्या नाहीत.

तेव्हापासून माझी समजूत बदलली. मी आजवर पानाच्या रंगाची आणि आपल्या समारंभाच्या छायाचित्रांची काळजी करत होते. येणारीला मात्र तीनच गोष्टी हव्या असतात : सभा कुठे आहे, केव्हा आहे, आणि सभासद नसताना येऊन बसले तर चालेल का. ही तीन उत्तरे पान उघडताच, मोबाइलच्या लहान पडद्यावर, बोट न सरकवता दिसली पाहिजेत. अध्यक्षबाईंचे छायाचित्र खाली गेले तरी त्या रागावणार नाहीत, याची मला खात्री आहे.

आता निवडीविषयी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता आना या गावी 1924 साली टोस्टमास्टर्स नावाची वक्तृत्वसंस्था सुरू झाली. स्त्रियांना तिचे सभासदत्व 1973 पासून खुले झाले, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे बायकांनी तिथे ऐकण्याचेच काम केले! त्या संस्थेच्या शाखांसाठी ‘फ्री टोस्ट होस्ट’ नावाची तयार व्यवस्था आहे. सभेचा दिवस, सभासदांची यादी आणि कामांची वाटणी तिच्यात मांडता येते. आपली शाखा त्या संस्थेची नसल्यामुळे ती व्यवस्था आपल्याला मिळणार नाही. पण पुढच्या सभेत वक्त्या कोण, परीक्षण कोण करणार, घड्याळ कोणाकडे आणि ‘म्हणजे, म्हणजे’ किती वेळा झाले ते कोण मोजणार, हे आधी लिहून ठेवण्याची शिस्त उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, एखाद्या कंपनीने फुकट दिलेल्या जागेत पान मांडणे. खर्च नाही, कष्ट कमी. पण जागा परक्याची. ‘जिओसिटीज’ या जागेवर असंख्य लोकांनी हौसेने आपापली पाने मांडली होती. 1999 साली ती याहूने विकत घेतली, आणि 2009 साली अमेरिकेतील जिओसिटीज बंदच केली. ज्यांनी आपल्या मजकुराची प्रत घरी ठेवली नव्हती, त्यांचे पुष्कळसे गेले. दुसरी वाट, स्वतःचे नाव घेऊन वर्डप्रेससारखी तयार मांडणी वापरणे. वर्डप्रेस 2003 पासून आहे आणि ते मोफत मिळते. पण ते ठेवण्याच्या जागेचे भाडे द्यावे लागते, आणि त्यात वेळोवेळी येणाऱ्या सुधारणा बसवल्या नाहीत तर चोराला खिडकी उघडी राहते. हे नियमाने करणारी कोणी नसेल, तर पहिली वाटच बरी. माझे मत असे की, नाव आपले स्वतःचे घ्यावे आणि मांडणी अगदी साधी ठेवावी. नाव आपले असले, म्हणजे उद्या जागा बदलली तरी पत्ता बदलत नाही.

नावाची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ते कायमचे विकत मिळत नाही. वर्षाच्या कराराने मिळते, आणि एका वेळी फार तर दहा वर्षांचे घेता येते. आपले पहिले नाव एका सभासद भगिनीच्या भाच्याने उत्साहाने स्वतःच्या नावावर घेतले होते. तो परदेशी गेला, मुदत संपल्याची सूचना त्याच्या बंद झालेल्या पत्त्यावर गेली, आणि आपले नाव दुसऱ्याच कोणी उचलले. काही दिवस त्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकत होत्या. दोष भाच्याचा नाही. आपल्यापैकी कोणीच विचारले नाही, हा आहे. म्हणून नाव मंडळाच्या नावावर असावे, सूचना मंडळाच्या टपालपेटीत यावी, आणि परवलीचे शब्द दोघीजणींकडे असावेत.

देवनागरीत ‘.भारत’ असा पत्ता 2014 पासून मिळतो आणि तो मनाला फार गोड वाटतो. परंतु पुष्कळजणी रोमन अक्षरांतच पत्ता लिहितात, तेव्हा रोमन नावही घ्यावे, आणि त्यात ‘वक्तृत्व’ हा शब्द नको! तो रोमनमध्ये कसा लिहावा यावर आपल्या कार्यकारिणीत पाच मते पडली होती. मजकूर मात्र युनिकोड मराठीतच टंकावा. जुन्या टंकांतला मजकूर पानावर चढवला की त्याची निरर्थक चिन्हे होतात.

छायाचित्रे आणि ध्वनिचित्रफिती चढवण्यापूर्वी त्या त्या भगिनीला विचारावे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली संमत झाला. पण कायदा नसता तरी ही साधी माणुसकी आहे. पहिल्यांदा बोलताना जिचे पाय लटपटले, तिची फजिती जगाला दाखवायची नसते. दूरध्वनी क्रमांकही मंडळाचा एकच द्यावा, सगळ्यांच्या घरचे नकोत.

निगेचे काम फार नाही, पण ते रोजच्या देवपूजेसारखे आहे. एकदम आठवड्याचे करून ठेवता येत नाही. सभा संपली की त्याच रात्री पुढची तारीख घालावी. महिन्याच्या पहिल्या तारखेला एका नव्या सभासद भगिनीने आपल्या मोबाइलवर पान उघडून पत्ता आणि वेळ वाचून दाखवावी. जुन्यांना चूक दिसत नाही, कारण त्यांना उत्तर आधीच पाठ असते. सहा महिन्यांनी सगळ्या मजकुराची प्रत काढून कपाटात ठेवावी. नावाच्या नूतनीकरणाची रक्कम अंदाजपत्रकात हॉलच्या भाड्याशेजारी लिहावी. आणि चिटणीस बदलतील, तेव्हा तिजोरीच्या किल्ल्यांबरोबर या किल्ल्याही वहीत सही घेऊन सोपवाव्यात.

हे काम एकीचे न राहता तिघींचे व्हावे, अशी माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी मी या जागी नसले, तरी पानावरची वेळ बरोबर असली पाहिजे. कोणी तरी बाई कुठल्या तरी गाडीत बसून आपला पत्ता पाहत असेल. ती येईल तेव्हा दार उघडे असावे आणि आत आपण असावे, एवढेच.