किर्गिओसवर चिडणारी माणसं

टेनिस आपल्या गावात कुणी खेळत नाही, तरी आज एका टेनिसपटूविषयी बोलते.

ऑस्ट्रेलियाचा निक किर्गिओस. २०१४ साली वय १९, जगात १४४वा, आणि विम्बल्डनमध्ये त्यानं पहिल्या क्रमांकाच्या नदालला हरवलं. लोक म्हणाले, हा पोरगा आता थांबत नाही. पण त्याचं असं, की मनात आलं तर भल्याभल्यांना हरवायचं, नाही तर रॅकेट आपटायची, पंचांशी भांडायचं. २०१६ मध्ये शांघायला त्यानं सर्व्हिसचा चेंडू नुसता पलीकडे टाकला आणि खुर्चीकडे निघाला! वर म्हणाला, मी प्रेक्षकांचं काही देणं लागत नाही. दंड झाला, आठ आठवडे बंदी आली. मानसतज्ज्ञाकडे गेलास तर बंदी कमी करू, असंही सांगितलं.

लोक चिडले ते मला पटतं. तिकीट काढून आलेल्याला त्या दिवसाचा खेळ मिळायलाच हवा. पण २०२२ मध्ये त्यानंच सांगितलं, की २०१९ च्या सुमारास मन इतकं खचलं होतं, की तो स्वतःला इजा करून घेत होता. बाहेरून दिसले ते नखरेच. आपल्या गटातली हुशार बाई बैठकीला येईनाशी झाली, की आपणही आधी चिडतो, विचारपूस नंतर.

त्याच २०२२ मध्ये तो विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पोचला. पहिला सेट जिंकला, मग जोकोविचकडून हरला. पुढच्या वर्षी गुडघा आणि मनगट दुखावलं. एकेरीची मोठी स्पर्धा त्याच्या नावावर नाही.