आमच्या घरची बदली



कामगार संघटनेच्या माणसाने टाळेबंदीवर बोलावे, कुत्र्यावर कसले बोलतो, असे कोणास वाटेल. पण आमच्या घरी कुत्री आली ती टाळेबंदीतूनच.

औद्योगिक विकास महामंडळाने साठीच्या दशकात वसविलेल्या वागळे इस्टेटीत एका कारखान्यात आम्ही लेथवर होतो. २००२ च्या पावसाळ्यात फाटकाला कुलूप लागले. समोर ताडपत्री ठोकून आम्ही पाळीपाळीने बसत असू. तेथे एके रात्री हे पिल्लू शिरले. आई गावठी, बाप कोणा बंगल्यातला पॉमेरेनियन असावा. पाय आखूड, शेपूट मात्र झुबकेदार. रात्री बसणारा गडी तापाने पडला, त्याची जागा तिने घेतली. म्हणून पोरांनी नाव ठेवले ‘बदली’.

तीन महिन्यांनी ताडपत्री निघाली. तिला तेथे टाकून येणे आम्हांस जमले नाही. छत्रीखाली घेऊन किसननगरच्या खोलीवर आलो. मंडळींनी दारातच अडविले. “अहो, इथे चौघांना पुरत नाही, त्यात हे पाचवे तोंड?” प्रश्न रास्त होता. आम्ही दोन दिवसांची मुदत मागितली, वाटाघाटींची सवय! दुसऱ्या सकाळी पाहतो तो मंडळी स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी ताकात कुसकरून तिला भरवीत होत्या. मुदतीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे आमच्या वाचनात आले की, १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत सरकारी हुकमाने भटकी कुत्री मारू लागले, तेव्हा आधी पारशांनी व मागोमाग इतरांनीही बाजार बंद पाडला. पहिली कापडगिरणी निघण्याच्या वीसएक वर्षे आधी या शहराने हरताळ पाळला, तो कुत्र्यांसाठी! हे आम्ही बदलीला मोठ्याने वाचून दाखविले. ती झोपी गेली.

शेजारच्या कारखान्याचा भोंगा साडेतीनला होई. ताडपत्रीखाली त्या वेळी डबे येत, म्हणून भोंगा झाला की ती दाराशी जाऊन बसे. आम्ही त्याच सुमारास काम शोधून रिकाम्या हाताने परतत असू. मंडळींच्या तोंडाकडे पाहणे जड जाई. बदली मात्र पगाराचा दिवस असल्यासारखी नाचे.

अकरा वर्षे ती आमच्याकडे होती. शेवटीशेवटी भोंगाही बंद झाला, तेथे काचेची इमारत उभी राहिली. तरी साडेतीनच्या सुमारास ती उठे, आखूड पायांनी दारापर्यंत जाई आणि बसे.