कालिमेरा : एका गावाची भेट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कार्यवाहांनी आमच्यासाठी ‘प्रवासातील एखादा प्रसंग’ असा मोकळा विषय ठेवला, त्याबद्दल त्यांचे आभार. आम्ही ना साहित्यिक, ना भाषाशास्त्रज्ञ. बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या फायलींत तीस वर्षे घालविली, एवढेच आमचे भांडवल. तेव्हा जे पाहिले तेवढेच सांगतो.

२०२३ च्या ऑक्टोबरात कार्यालयीन कामानिमित्त रोमला जाण्याचा योग आला. काम आटोपल्यावर चार दिवसांची रजा जोडून घेतली. सौभाग्यवती बरोबर होत्या. त्यांचा खर्च आमच्या खिशातून झाला, हे लेखापरीक्षकांच्या समाधानासाठी नमूद करतो. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो हे आपण शाळेत शिकलो. त्या बुटाच्या टाचेत लेच्चे हे शहर आहे. तेथपर्यंत आगगाडीने आणि पुढे थोडे मोटारीने गेलो. दोहों बाजूंस ऑलिव्हच्या बागा होत्या, पण त्यांतील कित्येक वाळून करड्या पडलेल्या. २०१३ साली त्या प्रांतात झायलेला नावाच्या जिवाणूचा उपद्रव उघडकीस आला आणि शेकडो वर्षांची झाडे उभ्या उभ्या मेली. ते दृश्य पाहून सौभाग्यवती बराच वेळ बोलल्या नाहीत.

आम्ही ज्या गावी उतरलो त्याचे नाव कालिमेरा. ग्रीसमध्ये सकाळी कोणी भेटले की हाच शब्द उच्चारतात, आपल्या ‘सुप्रभात’सारखा. परंतु सुप्रभात आपण पत्रिकेत छापतो, तोंडाने क्वचितच म्हणतो! या परिसरातील नऊ गावांत पूर्वापार ग्रिको नावाची ग्रीक बोली चालत आली. ती लिहितात मात्र रोमन लिपीत. ही माणसे येथे केव्हा आली, यावर पंडितांत मोठा वाद आहे. गेर्हार्ट रोल्फ्स हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ म्हणत की, ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक वसाहतींची ही अखंड परंपरा होय. अनेक इटालियन विद्वानांच्या मते ती बायझंटाईन राजवटीत आली. आम्ही या वादात पडत नाही. हजार वर्षे धरली तरी एखाद्या बोलीने परमुलखात तग धरून राहण्यास ती थोडी नव्हेत.

गावच्या सार्वजनिक बागेत एक प्राचीन संगमरवरी स्मृतिशिला आहे. अथेन्स नगरीने ती १९६० साली कालिमेराला भेट दिली. तेथे ग्रिकोत जे कोरले आहे त्याचा आशय असा की, पाहुण्या, येथे कालिमेरात तू परका नाहीस. इंग्रजी जाणणाऱ्या एका तरुणाने तो आम्हांस समजावून सांगितला आणि आग्रहाने आपल्या आजीकडे नेले. म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली होती. आम्हांस पाहताच उठली आणि आत जाऊन पाणी घेऊन आली. “नेरो,” ती म्हणाली. तरुण म्हणाला, “इटालियनमध्ये पाण्याला आक्वा म्हणतात. हा आमचा शब्द. मला असे पन्नासेक शब्द येतात. आजीला सगळी भाषा येते.”

“आणि तुझ्या आईला?” सौभाग्यवतींनी विचारले.

त्याने प्रश्न आजीला सांगितला. ती थोडी थांबून जे बोलली ते असे : मुलांना शाळेत त्रास होऊ नये, गावंढळ म्हणून कोणी हिणवू नये, म्हणून मुलांशी आम्ही इटालियनच बोललो. मुलांपासून काही लपवायचे असले की तेवढ्यापुरते नवराबायको ग्रिकोत बोलायचो.

बंधुभगिनींनो, आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. दर तीन-चार वर्षांनी बदली, नवी शाळा, नवे शेजार. मुले मागे पडू नयेत म्हणून आमच्या घरीही हेच झाले. कोणी सक्ती केली नव्हती. आता फरक इतकाच की, लपवायचे असते ते मुलांना, आणि ती इंग्रजीत बोलतात.

इटलीने १९९९ साली कायदा करून ग्रीकसह बारा अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिले. कायदा चांगलाच आहे. पण आम्ही कायद्यांच्याच खात्यात वाढलो, तो स्वयंपाकघरात शिरत नाही हे जाणतो. याउलट तंजावरकडे पाहा. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तेथे राज्य स्थापिले, १८५५ साली ते संपले, तरी तमिळ वळणाची मराठी तेथील काही घरांत अद्याप ऐकू येते. कोणत्याही अनुदानावाचून.

निघताना म्हातारीने सौभाग्यवतींच्या हाती वाळलेल्या अंजिरांची पुडी दिली आणि विचारले, तुमची भाषा कोणती? त्यांनी ‘मराठी’ म्हणताच तिने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. ‘ठ’ काही तिला जमला नाही.

आपल्या मंडळाच्या बालवर्गात यंदा पाच मुले आहेत. त्यांत आमचा नातू नाही. येत्या रविवारपासून त्याला पाठविण्याचे आमच्या कन्येने कबूल केले आहे, अर्थात हिंदीतून.